अळणी ताट

ज्ञानूचं बीपी उतरावं म्हणून त्याची बायको मनुबाई मेटाकुटीला आली होती. लोणच्याची बरणी लेकीकडं धाडली, पापड बंद केले, रोज सकाळी त्याला नदीकाठानं चालवत नेलं. तरी आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता.

आजही त्यानं अळणी आमटीचं ताट ढकललं. "चिमूटभर मीठ घाल, मग मेलो तरी चालंल!"

डोळे पुसत ती चुलीकडं वळली, तोच मागून तो ओरडला, "मनू, घर हलतंय! भाईर पळ!"

कोयनानगरात उभा जन्म गेलेली मनुबाई भाकरी थापतच राहिली. "आवं, बारका धक्का आसंल. गप जेवा."



भाकरी तव्यावर टाकताना तिची नजर मांडणीवर गेली. एकही भांडं वाजलं नव्हतं. घर हललंच नव्हतं; गरगरलं होतं ते ज्ञानूचं डोकं.