मनासारखा चष्मा

"पांढरा शर्ट शोभतो हो तुला, श्रीरंग," अप्पा कौतुकाने म्हणाले.

रेवतीने आईची इरकल साडी नेसली होती.

श्रीरंग हे नाव टाकून ती रेवती झाली, तेव्हा अप्पांनी तिला घराबाहेर काढलं होतं. मग समोरचं माणूस आपल्या मनासारखं दाखवणारे चष्मे निघाले आणि घरोघरचे वाद मिटले. अप्पांनीही एक घेतला. आईच्या वर्षश्राद्धाला त्यांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं.

फोटोला हार घालायला रेवती वाकली आणि पदर समईवर गेला.

"अप्पा, पदर पेटला!"

"कसला पदर?" समोर बसलेल्या अप्पांनी गोंधळून विचारलं.

शेवटी तिनेच कळशी अंगावर ओतून घेतली. मनगट चांगलंच भाजलं होतं. अप्पा लगबगीने उठले आणि तिचा हात हातात घेऊन निरखू लागले.

"कुठे काय झालंय रे?" म्हणत त्यांनी बोट फिरवलं, तर सोललेली ओली कातडी बोटाला लागली.

अप्पांनी चष्मा काढला. रेवतीने ओला पदर खांद्यावर सारखा केला.

मान वर न करता त्यांनी काच धोतराच्या सोग्याने पुसली आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.