विकतचा केक

दुकानदाराने शटर ओढायला आकडी वर टाकली, तेवढ्यात चाकाची खुर्ची उंबऱ्याला येऊन आदळली.

"थांबा, थांबा! पाचच मिनिटं," सून धापा टाकत म्हणाली. तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. नाताळासाठी शिवायला आलेला शेवटचा झगा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन ती घरी धावली होती आणि घरून तशीच इकडे. दुपारी सासूबाईंपाशी बसणारी शेजारीण सणाला लेकीकडे गेली होती, म्हणून खुर्चीत सासूबाईही होत्या.

"बाई, आज चारला बंद. पाटी लावलीय."

"चारला अजून दहा मिनिटं आहेत."

"माझ्या घड्याळात वाजून गेले."

"तुमचं घड्याळ सुट्टीवर गेलंय. माझं अजून कामावर आहे."

दुकानदाराला हसू आलं. त्याने आकडी खाली घेतली.

फळ्या निम्म्याहून जास्त रिकाम्या झाल्या होत्या. सून एका हाताने खुर्ची ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने मिळेल ते खुर्चीच्या दांडीला अडकवलेल्या टोपलीत टाकत होती.

"आई, अंडी डझनभर घेऊ?"

"हो."

"बटाटे?"

"हो."

"हा वासाचा साबण?"

"हो."

चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून सासूबाईंकडे एवढा एकच शब्द उरला होता. त्याआधी या बाईंच्या तोंडून हो ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सुनेने आणलेली भाजी जून, लावलेला पडदा तिरका, केलेला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण नाताळचा केक करायच्या दिवशी सुनेला स्वयंपाकघरात फक्त भांडी विसळायची मुभा होती.

आता अळणी सूप पुढे केलं तरी हो. केस कसेही बांधले तरी हो. खिडकी उघडू? हो. लावू? हो. नवरा म्हणायचा, "बघ, घर कसं शांत झालंय." ती मान हलवायची. पण ती शांतता तिला खायला उठायची.

मागच्या फळीवर तयार केकचा एकच खोका उरला होता, तोही एका कोपऱ्यात चेपलेला. सुनेने तो उलटसुलट करून बघितला. केक कसा करायचा हे अकरा वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

"आई, यंदा हाच घेऊन टाकते. घेऊ ना?" उत्तर ठाऊकच असल्यामुळे तिने विचारता विचारता खोका टोपलीत ठेवला.

"ना..."

ती वळली. सासूबाईंच्या कपाळाची शीर ताठली होती. ओठ कशाला तरी पकडायला धडपडत होते, आणि ते निसटत होतं.

"काय झालं, आई? पाणी हवंय?"

"नाही."

सून जागच्या जागी थिजली. पलीकडे दिवे मालवत असलेल्या दुकानदाराचा हातही बटणावर थांबला.

"काय म्हणालात?"

सासूबाईंनी चांगला असलेला डावा हात लांब केला आणि टोपलीतला खोका ढकलून दिला. "नाही. नाही!" दुसऱ्या वेळी आवाजाला तोच जुना जोर होता. त्या जोराने सुनेच्या हातातून कित्येकदा पातेलं निसटलं होतं.

ती खुर्चीपुढे उकिडवी बसली. "अहो, पण विकतचा नको तर करणार कोण? मला कुठे येतो?"

सासूबाईंचं बोट तिच्याकडे वळलं. मग ते सावकाश वर गेलं आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यापाशी थांबलं.

"मी करायचा? आणि तुम्ही बसून बघणार?"

"हो."

चार महिन्यांत हजारदा ऐकलेला शब्द. सुनेला तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा वाटला.

"म्हणजे माझं काही खरं नाही," ती म्हणाली आणि उठली. मैद्याचं पाकीट आणलं. हो. पिवळ्या डब्यातलं स्वस्त लोणी आणलं. नाही. मग दुसरं, कागदात गुंडाळलेलं. सासूबाईंनी ते अंगठ्याने दाबून बघितलं आणि मांडीवर ठेवून घेतलं.

"बाई, अजून किती वेळ?" दुकानदाराने विचारलं. त्याच्याही घरी माणसं वाट बघत असणार.

"काय सांगू! चार महिन्यांनी भांडतोय आम्ही."

दुकानदाराने दोघींकडे बघितलं. मग आकडी भिंतीला टेकवली आणि मालवलेले दिवे एकेक करून पुन्हा लावले. "मनुका त्या बरणीच्या मागे आहेत," तो म्हणाला. "दोन प्रकारच्या."

सुनेने मनुकांचं पाकीट आणून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी धरलं, उजेडाकडे धरलं, कानाशी नेऊन हलवलं. सून श्वास रोखून उभी होती.

"नाही."

"बरं, नाही तर नाही," असं पुटपुटत ती पाकीट परत ठेवायला गेली. ते जागेवर ठेवूनही ती फळीकडे तोंड करून उभीच राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

मागे खुर्चीच्या दांडीवर बोटं वाजू लागली. टक, टक, टक. घाईने, वैतागाने.

"आले हो, आले!" सून म्हणाली आणि दुसरं पाकीट घेऊन जवळजवळ पळतच निघाली.