बेसूर गाळणारे कान

संगीताचा तास सुरेल व्हावा म्हणून शाळेने नववीच्या मुलांच्या कानांत कायमची गाळणी बसवली होती. बोललेलं सगळं ऐकू येई. बेसूर गाणं मात्र आत शिरतच नसे.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईने कलशापुढे आरती म्हटली. नववीतल्या लेकीला ऐकू जावी म्हणून महिनाभर ती मोबाइलवर तंबोरा लावून सूर घोटत होती. शाल्मलीला नुसते तिचे ओठ हलताना दिसले. ते पाहूनच तिने टाळ्यांचा ताल धरला.

"आज ऐकू आलं का गं?"

"आलं की. छान लागला सूर."

आईचे डोळे भरून आले. "मग ये, तुझी लहानपणची अंगाई म्हणते."

शाल्मलीने आईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटले. थोपटणारा हात थांबला, तेव्हा अंगाई संपली असावी, असं तिला वाटलं.