चार बोटं कापड

“मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा. खाली चार बोटं कापड दुमडून ठेवा.” लुंबिनीची माय निलंग्याच्या नरसिंग टेलरला असं बजावायची, तो आवाज लुंबिनीच्या कानात अजून तसाच आहे. चौथीत असताना हस्तकलेच्या बाहुलीला झगा हवा म्हणून तिनं आपल्याच नव्या झग्याची दुमड उसवली, आतलं कापड कापून घेतलं आणि कड बारीक टाक्यांनी पुन्हा शिवून टाकली. वर्षभरानं झगा आखूड झाला. मायनं दुमड उसवली, तर आत काहीच नाही. माय तडक दुकानात गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर मास्तरला कापडचोर म्हणून आली. लुंबिनी गप्प राहिली, आणि पुढं तीस वर्षं त्या गल्लीतून गेली नाही.

परवा नांदेडच्या सेलमधून तिनं लेक धम्मप्रियाला दोन मापं मोठा फ्रॉक आणला, खालून दुमडून दिला. आज धम्मप्रियाच्या शाळेच्या बाहुलीच्या अंगावर तेच कापड दिसलं. लुंबिनीनं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. मग भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या मायजवळ जाऊन म्हणाली, “माय, मास्तरनं कापड चोरलं नव्हतं. म्या कापलं व्हतं.”

मायनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“मला त्याच सांजंला तुझी बाहुली घावली, बाई. पर तवर मास्तर दुसरा झगा फुकट शिवतो म्हणाले व्हते.”