यंदा तुम्ही यायचं नाही

गाडी फाटकाशी थांबली तेव्हा ओक्बुन आजी तयारच होती. डोक्याला रुमाल, जाड जाकिटावर एप्रन, हातात रबरी हातमोजे. मिरान गाडीतून उतरते न उतरते तोच आजीने पलीकडचं दार उघडून एक पाय आत टाकलासुद्धा.

"केवढा उशीर केलास. मसाला चाखला कुणी?"

मसाला केव्हाच चाखून झाला होता. मेथॉडिस्ट चर्चच्या अंगणात सकाळपासून बायका ओळीने बसल्या होत्या. कोबीच्या पानापानांत मसाला भरून झाला, थंडीभर पुरेल एवढी किमची डब्यांत गेली, अंगण धुऊन निघालं. कोरियातल्या या कांग्हवा बेटावरच्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना चर्चकडून दर हिवाळ्यात हे डबे जातात. वाटप उरकलं होतं. मागच्या सीटवर एकच डबा राहिला होता, तो ओक्बुन आजीला द्यायचा.

ही कल्पना मिरानचीच. गेल्या वर्षी चर्चच्या ओल्या अंगणात आजीचा पाय घसरला आणि महिनाभर ती कंबर धरून चालत होती. तेव्हा बायकांच्या बैठकीत मिरान म्हणाली, ऐंशी ओलांडलेल्या बाईला त्या गार पाण्यात कशाला बसवायचं, यंदा आपणच तिला डबा देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळीतल्या बायकांना एकदा दया आली की त्या कुणाला आवरत नाहीत. आजीला विचारायचं तेवढं राहून गेलं. मिरानने फोनवर सांगितलं, यंदा तुम्ही यायचं नाही हं आजी, घरीच आराम करा. आजी हसली. मिरानला वाटलं, चला, म्हातारीला बरं वाटलं.

पण मोठ्या माणसांशी इथे असंच बोलायची रीत आहे. राहू द्या, कशाला त्रास घेता, असं तोंडदेखलं म्हणायचं आणि वेळेवर गाडी घेऊन दारात हजर व्हायचं. मिरान याच गावात लहानाची मोठी झाली, तरी एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. आजी सकाळपासून गाडीची वाट बघत बसली होती.

"आजी, काम उरकलं," ती कशीबशी म्हणाली. "मी डबा घेऊन आलेय."

"कुणाकडे पोचवायचाय?"

"तुमचाच आहे."

आजीने आत टाकलेला पाय बाहेर घेतला आणि गाडीचं दार हळूच लावलं.

"म्हणजे मी आता त्यांच्यातली."

"त्यांच्यातल्या कशा असाल तुम्ही?" मिरान घाईने म्हणाली, आणि म्हणताक्षणीच आपण काय बोललो ते तिला कळलं. दुपारपासून ज्यांच्या दारांत ती हसून उभी राहिली होती, ती सगळी माणसं त्या एका शब्दात आली होती.

डबा जड होता. मिरानने तो उचलून ओसरीवर नेला. तिथे मोठ्या टोपलीत कोबीचे गड्डे पालथे घालून निथळत ठेवले होते. आजीच्या परसातले, कालच मिठाच्या पाण्यात भिजवलेले. दरवर्षी आजी आपल्या वाटचे गड्डे असे तयार करून घेऊन यायची. खारवलेला कोबी थांबत नाही, आजच त्यात मसाला भरायला हवा.

मिरान म्हणाली की आपण हे चर्चमध्ये नेऊ. पण चर्चमध्ये आता होतं कोण? ताज्या किमचीबरोबर उकडलेलं डुकराचं मांस खाऊन बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. मिरानही पोटभर जेवली होती. जेवताना कुणीतरी आजीची आठवण काढली, आणि बरं झालं तिला दगदग नाही, असं मिरानच म्हणाली होती. आता ते आठवून तिला कुठे तोंड लपवावं असं झालं. मग ती म्हणाली की आपण दोघी इथेच बसू, तासाभरात भरून टाकू.

"एकटीला किती लागते मला?" आजी म्हणाली. "त्यात हा डबाही आला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मिरानला सोपं गेलं असतं. ती वाकून नमस्कार करून निघाली, तोच आजीने मागून विचारलं, "फोटो?"

चर्चला कोबी फुकट देणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक डबा पोचल्याचा फोटो लागायचा. इतकी वर्षं या दोघी मिळूनच डबे वाटायच्या. आजी माणसांना दारात नीट उभं करायची, कुणाची कॉलर सरळ करायची, मान वर करा म्हणायची, आणि मिरान फोटो काढायची.

"राहू द्या आजी."

"राहू द्या कसं? तुला बोलणी बसतील."

आजीने एप्रन सोडून घडी करून ठेवला. डबा छातीशी धरून ती दारात उभी राहिली. मिरानने फोन वर धरला. त्यात आजीचा चेहरा दिसेना, नुसता डोक्यावरचा रुमाल दिसत होता. इतक्या वर्षांच्या सवयीने मिरानच्या तोंडून निघून गेलं, "मान वर करा, आजी."

आजीने मान वर केली नाही.

"मीसुद्धा सगळ्यांना हेच सांगायचे," डब्याकडे बघत ती म्हणाली. "कुणी ऐकायचं नाही. मला वाटायचं, काय आडमुठी माणसं आहेत ही."