बुंदीची निवड

कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानात शेवंताकाकूंनी पहिलं पाकीट त्यांच्या कुत्रीच्या, बुंदीच्या नाकाशी धरलं. तिच्या गळ्यातला पट्टा तिला आलेला वास शब्दांत सांगायचा. तो म्हणाला, "फवारणी."

"पण यावर सेंद्रिय छापलंय," काकू म्हणाल्या.

"छापणाऱ्याला नाक नव्हतं," म्हणत दुकानदार सुहासनं ते पाकीट मागे ठेवलं. हे पट्टे आल्यापासून त्याच्याकडे लेबल कुणी वाचत नव्हतं.

दुसरं पाकीट हुंगल्यावर पट्टा म्हणाला, "फवारणी. जुनी."

तिसरं नाचणीच्या बिस्किटांचं होतं. बुंदीनं डोळे मिटून हुंगलं. "शेणखत. गांडूळ. ऊन."

सुहासनं कौतुकानं मान हलवली. "हेच सांगायला प्रयोगशाळेला आठवडा लागतो, काकू."

काकूंनी बिस्किटं घेतली. तेवढ्यात बुंदीनं त्यांनी खाली ठेवलेल्या भाजीच्या पिशवीत तोंड घातलं. "फवारणी. फवारणी. फवारणी."

"अगं, ते माझं आहे," काकू म्हणाल्या. "मला चालतं."

पट्ट्याला फक्त वास कळायचे. बुंदीनं काकूंच्या हातातलं पाकीट हळूच ओढून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि ती भाजीच्या पिशवीवर फतकल मारून बसली.