भिंतीकडेची पावलं

"वर कोण आहे हो?" शिडीवर उभ्या इंजिनिअर बाईने विचारलं.

"कोणी नाही, ताई. कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात," खाली शिडी धरून उभा असलेला म्हातारा सुतार म्हणाला.

पण पावलं वाजत होती. लहान, हलकी, बरीच. ती भिंतीच्या कडेकडेने गेली, कोपऱ्यात वळली, पुन्हा भिंतीकडेनेच परतली. खोलीच्या मध्यावर एकही पाऊल पडलं नाही.

तिने ओलावा मोजायच्या यंत्राची टोकं तुळईत रोवली. आकडा आला एकवीस. सुक्या लाकडात तो बारा टक्क्यांच्या आसपास असतो.

ही तुळई म्हणजे पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेली. शाळेच्या वरच्या वर्गाची सारी जमीन या एकाच तुळईवर पेललेली. फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे बोट दाबा. पुस्तकं जितकी दूर सरकवाल तितकी पट्टी जास्त वाकते. तुळईचंही तसंच. म्हणून किती अंतर चालेल याचं कोष्टक असतं. कोष्टकात सहा मीटर वीस होतं, खोली सहा मीटरची. तिने ऑफिसात बसून 'चालेल' असं लिहून दिलं होतं. कोष्टकाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: लाकूड सुकं असल्यास. आणि भिंतीपलीकडे पाण्याची टाकी होती. ती तिने आज पहिल्यांदा पाहिली.

शिडीच्या पायरीवर बसून तिने गणित पुन्हा मांडलं. उत्तर आलं पाच मीटर दहा.

"मधे खांब लागेल," ती म्हणाली.

मुख्याध्यापक दारातच थबकले. "मॅडम, सोमवारी वर चाळीस मुलं बसणार आहेत. सहा मीटर चालेल हे तुम्हीच लिहून दिलंय. आता खालच्या सभागृहाच्या ऐन मधे खांब? नव्वद सेंटिमीटरसाठी काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, साहेब," सुतार म्हणाला. "जमीन."

मुख्याध्यापक त्याच्याकडे वळले.

"जुनं कशाला उकरता?"

"ताईंना माहीत नाही म्हणून. या आधीची जमीनही याच भिंतींवर होती, ताई. भर वर्गात मधोमध खचली. भिंतीला टेकून बसलेली पोरं वाचली. मधली गेली."

तिने वर पाहिलं. वरची पावलं थांबली होती, जणू कान देऊन ऐकत होती.

"तेव्हाही हिशोब करूनच बांधलं होतं," मुख्याध्यापक पुटपुटले. "आणि आता कागद बदललात तर तुमच्या नावाचं काय होईल, विचार करा."

'चालेल' लिहिलेल्या दाखल्याची घडी केलेली प्रत तिने पर्समधून काढली आणि त्यांच्यासमोर फाडली.

"चूक माझी आहे. टाकी न बघता मी सही केली. तसंच लेखी देते. पण खांब बसेपर्यंत वर एकही मूल जाणार नाही."

खांब बसायला चार दिवस लागले. वर्ग सोमवारी भरला नाही, आणि मुख्याध्यापक तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. शुक्रवारी दुपारी सुताराने खांबाच्या माथ्याशी शेवटची पाचर ठोकली आणि हातोडा खाली ठेवला. तिने खांबाला तळवा लावला. वरच्या दाराला अजून कुलूप होतं.

पावलं आली. नेहमीसारखी, भिंतीच्या कडेकडेने. मग थबकली.

त्यातलं एकच मूल भिंतीपासून सुटलं. दोन पावलं पुढे आलं. थांबलं. आणखी दोन. आता ते बरोबर खांबाच्या डोक्यावर होतं. तिथे त्याने जोरात एक उडी मारली.

तुळई हलली नाही.

वर क्षणभर सगळं शांत झालं. आणि मग भिंतीकडेची सगळी पावलं एकदम खोलीच्या मध्यावर धावत सुटली.